चिंतामणी रंग, डाळिंबी काठ

कुमुदताईंच्या तेराव्याला काळेवाडीत त्यांच्या भावाकडे गेलो होतो. जेवणं उरकली, पुरुषमंडळी गच्चीवर सतरंजीवर टेकली आणि अशा वेळी निघतात तशा आठवणी निघाल्या. त्यांची फोनवरची दादागिरी, त्यांचा आल्याचा चहा. मग कुणीतरी म्हणालं, "आणि रेवतीच्या लग्नातली ती काळी साडी?" सगळे हसले. वाईट मनाने नाही. गेलेल्या माणसावर माया करत हसतात तसे. एक पाहुणे म्हणाले, "बिचारीला दिसत नव्हतं हो. भलतंच बटण दाबलं गेलं असणार."

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. तो खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघालो.

कुमुदताईंनी भलतं बटण दाबलं नव्हतं. हे एक वाक्य त्यांच्या हयातीत माझ्या तोंडून निघालं नाही. आता लिहितोय. पण नुसतं तेवढंच लिहिलं तर त्या कोण होत्या ते कळायचं नाही, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

चिंचवडच्या आमच्या कारखान्यात टेलिफोनचा बोर्ड कुमुदताई सांभाळायच्या. चौथीत असताना तापात डोळे गेले. पुढे अंधशाळा, मग ऑपरेटरचं शिक्षण, मग गेटजवळची ती छोटी खोली. मी खरेदी विभागात होतो. माझा अंतर्गत नंबर दोनशे बारा, आणि त्यांच्या लेखी माझं नावही तेच. "नावांचं काय घेऊन बसलात?" त्या म्हणायच्या. "आपल्याकडे पाटीलच सहा आहेत. नंबर कसा, ज्याचा त्याला." कारखाना बंद होऊन तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या तरी त्यांनी मला कधी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

एकदा भोसरीच्या एका फाउंड्रीने आमचा माल अडकवला होता. मशीनची लाइन थांबायची वेळ आलेली. मी फोन उचलला आणि ओरडलो, "ताई, त्यांना लावा, आत्ताच्या आत्ता!"

"दोनशे बारा, आधी पाणी प्या."

"अहो, लाइन द्या!"

"देते की. घोट ऐकू आला की देते."

शेजारच्या टेबलावरचा तांब्या उचलून मी मुद्दाम आवाज करत पाणी प्यायलो. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सकाळपासून त्यांच्याकडे दुसराच माणूस फोन घेतोय. मागे बायकांचा आवाज येतोय. काहीतरी झालंय तिकडे. बेताने बोला." मी बेताने बोललो. फाउंड्रीवाल्याचे वडील पहाटे गेले होते. त्या दिवशी मी तसाच तडकलो असतो, तर पुढे त्या माणसाला तोंड दाखवता आलं नसतं.

एरवी त्या शांत वगैरे मुळीच नव्हत्या. चहात आलं कमी पडलं तर कॅन्टीनच्या गंगूबाईंना बोर्डावरून फोन जायचा. कुणी रस्ता ओलांडायला न विचारता दंड धरला की ठणकावायच्या, "मी काय सायकल आहे का, हातात धरून न्यायला?" आणि नटायची हौस दांडगी. रोज गजरा. बांगड्या साडीशी जुळणाऱ्या.

त्या बांगड्यांवरूनच एकदा बिंग फुटलं. त्या भावाकडे राहायच्या. साड्या वहिनी आणायच्या आणि रंगही त्याच सांगायच्या. एके दिवशी गंगूबाई सहज बोलल्या, "ताई, या चॉकलेटी लुगड्यावर गुलाबी बांगड्या कशापायी?"  दुपारी कुमुदताईंनी मला बोलावलं. "दोनशे बारा, माझी साडी कोणत्या रंगाची आहे?" मी बघून सांगितलं, चॉकलेटी. त्या मान हलवत राहिल्या. वहिनींनी ती गुलाबी म्हणून दिली होती. आदल्या वर्षीची मोरपंखीही बहुधा तसलीच होती. वहिनी दुष्ट नव्हत्या. ताईंच्या टायफॉइडात रात्री जागल्या होत्या त्या. धुणं त्यांच्या हातात होतं, मळखाऊ रंग त्यांना सोयीचा, आणि हिला कुठे दिसतंय, असा साधा हिशेब.

तेव्हापासून ताई रंग दोघांना विचारू लागल्या. सकाळी घरी वहिनींना, आणि बसमधून उतरल्यावर कुणाही अनोळखी बाईला. "एकाला विचारलं तर रंग कळतो," त्या म्हणायच्या, "दोघांना विचारलं तर माणूस कळतो."

रंग त्यांना ठाऊक होते, हे लक्षात घ्यायला हवं. चौथीपर्यंतचं सगळं डोळ्यांत शाबूत होतं. बार्शीकडचं घर, दारचं डाळिंब, आणि आईची एकुलती एक चांगली साडी. चिंतामणी रंगाची. निळ्याच्या पुढचा आणि जांभळ्याच्या अलीकडचा तो रंग. त्याला डाळिंबी काठ. "आई ती सणाला काढायची तेव्हा घरात वेगळाच उजेड पडायचा," असं त्या सांगायच्या. हे वाक्य मी त्यांच्याकडून कितीतरी वेळा ऐकलं होतं.

पुढे कंपनी चाकणला गेली. मशिनं गेली, आम्ही गेलो, बोर्ड काही गेला नाही. साहेबलोकांच्या खिशात मोबाइल आले होते. ज्या बाईने आख्ख्या कारखान्याची माणसं जोडून दिली, तिला हार, नारळ आणि शाल मिळाली. शाल कोणत्या रंगाची ते त्यांनी दोघांना विचारलंच.

निवृत्त झाल्यावर मी निगडीत पुतण्याच्या कामात लक्ष घालू लागलो. निखिल छोट्या दुकानदारांना ऑनलाइन दुकानं थाटून देतो. प्रत्येकाचं वेगळं दुकान बनवत नाही. एक साचा असतो, त्याला टेम्प्लेट म्हणतात. त्यात एकाच्या साड्या भरल्या, दुसऱ्याचे बूट भरले की दुकान तयार. माझं काम म्हणजे गिऱ्हाइकांशी बोलायचं आणि वस्तूंची मराठी वर्णनं लिहायची. एकदा एका गिऱ्हाइकाने अट घातली, दुकान अंध माणसालाही वापरता आलं पाहिजे. निखिल म्हणाला, "काका, आपल्या ओळखीत कुणी आहे?"

कुमुदताई तोवर संगणक शिकल्या होत्या. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, ते त्या इतक्या वेगात चालवायच्या की आम्हाला नुसती चिवचिव ऐकू यायची. पहिल्या दिवशी त्या कानाला हेडफोन लावून निखिलच्या दुकानात शिरल्या आणि जरा वेळाने म्हणाल्या, "निखिल, बघितलं तुझं दुकान. आत कुणीतरी नुसतं 'चित्र, चित्र, बटण, बटण' करून ओरडतंय. माल कुठे ठेवलायस?"

"मावशी, अहो सगळं समोरच आहे. फोटो आहेत, बटणं आहेत..."

"कसलं बटण? शर्टाचं का?"

मग त्यांनी हात पुढे केला. "तुझा तो माउस दे." निखिलने दिला. त्यांनी तो वायरसकट पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. "आता तुझ्याच दुकानातून एक रुमाल विकत घेऊन दाखव."

मला आठवतं, निखिल नुसता कीबोर्ड बडवत होता. रुमालापर्यंत पोचला, पण आपण पडद्यावर नेमके कुठे आहोत ते त्याला कळेना, कारण जिथे आहोत तिथे उमटणारी चौकट त्यानेच कधीतरी दिसायला बरी नाही म्हणून काढून टाकली होती. शेवटी पत्त्याच्या रकान्यात अडकला तो अडकलाच. ताई पर्स मांडीवर घेऊन मजेत चहा पीत होत्या. "काय रे, दार सापडलं का? माझं हे रोजचंच आहे."

त्यानंतर त्या कित्येक महिने येत होत्या. काळेवाडीहून निगडी, बसने, एकट्या. निखिल दुरुस्त करायचा, त्या तपासायच्या, पुन्हा भांडायच्या. बटणांना नावं आली. चौकट परत आली. रंग निवडायच्या जागी रंगांची नावं आली, त्या वाचून दाखवणाऱ्या यंत्राला कळतील अशी. "साचा आहे हा," त्या निखिलला बजावायच्या. "कारखान्यात डाय चुकली की एक नग नाही वाया जात, आख्खी बॅच जाते."

फोटोंच्या मागे वर्णन लिहायचं काम माझं. दिसणाऱ्याला ते दिसत नाही, यंत्र तेवढं वाचून दाखवतं. मी पहिल्यांदा लिहिलं, 'सुंदर साडी'. त्या म्हणाल्या, "दोनशे बारा, सुंदर हा काय रंग आहे? सुंदर आहे की नाही ते मी ठरवीन. तुम्ही मला काय दिसतंय ते सांगा." मग मी शिकलो. आमसुली, अंजिरी, पोपटी, श्रीखंडी. साड्यांच्या एका दुकानात खरोखरच चिंतामणी रंगाची साडी आली तेव्हा मी मोठ्या आनंदाने लिहिलं : 'चिंतामणी रंग, डाळिंबी काठ, पदरावर बारीक कोयऱ्या.' यंत्राने वाचलेलं ते त्यांनी पुन्हा ऐकलं. मग म्हणाल्या, "ही रेवतीला."

रेवती त्यांची भाची, याच भावाची मुलगी. लग्न ठरलेलं होतं. "आजवर मी जे जे दिलं ते दुसऱ्या कुणीतरी निवडलेलं होतं," त्या म्हणाल्या. "हे मी निवडणार. कुणालाही न विचारता. लग्न जवळ आलं की मागवते. वहिनीला कळता कामा नये."

साडीच्या दुकानाचे शेठ मूळचे इथल्याच गावचे. संक्रांतीच्या आधी ते तणतणत आले. "काय हो साहेब, साडीचं दुकान हाय का रेशनचं? रंगाची नुसती नावं लिवल्यात! बाकीच्यांकडं कशे रंगाचे गोल गोल ठिपके असत्यात, बघा जरा. आमाला तसं पायजे. न्हाईतर आमी दुसरीकडं जातो."

निखिल म्हणाला, ठिपके करू, पण त्यांच्या मागे नावं घालायला दोन दिवस द्या, आणि मावशींकडून तपासून घेऊ. शेठना संक्रांतीच्या विक्रीची घाई. मी म्हणालो, "आत्ता ठिपके टाक. नावं नंतर घाल." घाई माझीही होती. गिऱ्हाईक जाईल ही भीती, आणि खरं सांगायचं तर इतक्या महिन्यांच्या तपासणीचा कंटाळा. साच्यात ठिपके पडले. यंत्राच्या दृष्टीने तिथे आता काहीच नव्हतं. ताईंना कळवायचं मी ठेवून दिलं, आणि ते राहिलं.

आणखी एक झालं. संक्रांतीला काळ्या साड्या खपतात. शेठच्या माणसाने त्या चिंतामणी साडीच्या पानावर काळ्या रंगाची साडी पहिल्या नंबरला आणली. ठिपका न निवडता मागवलं तर आता तीच जाणार होती. वीण तीच, काठ डाळिंबीच, कोयऱ्याही त्याच. फोटो बदलला. फोटोमागचं माझं वाक्य तसंच राहिलं. ते बदलणं माझं काम होतं.

दोन-चार दिवसांनी ताईंचा फोन आला. "दोनशे बारा, त्या पानावर रंगांची नावं ऐकू येत नाहीयेत. काही बदललंय का?"

मी बँकेत रांगेत होतो. म्हणालो, "फोटोचं वर्णन वाचतंय ना?"

"हो. चिंतामणी रंग, डाळिंबी काठ."

"मग तेच. घ्या बिनधास्त."

त्यांनी घेतली.

हळदीच्या दिवशी काळेवाडीच्या कार्यालयात मी हजर होतो. आहेर चालले होते. कुमुदताई गजरा माळून पुढच्या रांगेत, मांडीवर पुडकं. आदल्या दिवशी त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं की साडी आली, रात्री दार लावून हात फिरवून बघितली, कोयऱ्या अगदी बोटांना लागतात. त्यांची पाळी आली तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "रेवती, उघड. सगळ्यांसमोर उघड. माझी मी घेतलीय." आणि मग, सभेत बोलावं तशा आवाजात, "चिंतामणी रंग, डाळिंबी काठ."

रेवतीने कागद सोडला.

हळदीच्या अंगावर, हिरव्या चुड्याच्या हातात, ती काळी साडी. मांडवातला गलबला एकदम थांबला. मुलाकडच्या एक बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "अगंबाई, शुभकार्यात काळं?" दुसऱ्या कुणीतरी "श्श" केलं.

ताईंनी मान इकडेतिकडे वळवली. "काय झालं? कुणी बोलत का नाही?"

वहिनी पुढे झाल्या, साडी रेवतीच्या हातातून घेऊन पुन्हा कागदात कोंबली. "काही नाही वन्सं. बसा तुम्ही."

"वहिनी, रंग कोणता आहे?"

"बसा म्हणते ना!"

"रेवती, तू सांग."

रेवती रडायला लागली होती. "आत्या, छान आहे गं. काळी आहे, पण छान आहे."

मी चौथ्या-पाचव्या खुर्चीवर होतो. मला त्याच क्षणी सगळं समजलं. ठिपके, फोटो, माझं वाक्य. उठून एवढं म्हणायचं होतं की चूक दुकानाची आहे, आमची आहे. मांडवात गिऱ्हाईक होण्यासारखी चार माणसं बसली होती. शेजारी निखिल होता. मी उठलो नाही.

त्यानंतर आठवड्याने त्या निगडीला आल्या. खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर. चहा नको म्हणाल्या. "दोनशे बारा, एकच विचारायचंय. मी फोन केला होता तेव्हा पानावर काही बदललं होतं का?"

निखिल बाहेर गेला होता. मी पाणी प्यायलो. तो घोट त्यांना ऐकू गेला असणार. म्हणालो, "नाही ताई. काहीच नाही. तुमच्याकडूनच चुकून काही दाबलं गेलं असेल. होतं असं."

त्यांनी पर्सचा पट्टा खांद्याला लावला. मग म्हणाल्या, "असेल. वय झालं." आणि उठल्या. दारापर्यंत मी दंड धरला, तर ठणकावलं नाही. धरू दिला.

पुन्हा त्या कामाला आल्या नाहीत. त्यांनी स्वतःहून काही मागवलं नाही, असं रेवतीकडून कळायचं. संगणकावर रुमाल पसरून ठेवला होता. मी ठरवायचो, दिवाळीनंतर जाऊन सांगू, पाडव्याला सांगू. माझ्याबद्दल त्यांचं मत चांगलं होतं, ते जाईल, एवढंच मला दिसत होतं. त्यांचं स्वतःबद्दलचं मत गेलं होतं, ते दिसत नव्हतं.

तेराव्यानंतर दोन गोष्टी केल्या. निखिलला सगळं सांगून साच्यातल्या ठिपक्यांच्या मागे नावं घालून घेतली. ती तोवर तशीच राहिली होती, सगळ्या दुकानांत. एका दुपारचं काम निघालं. मग रेवतीकडे जाऊन तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "काका, मी ती साडी दर संक्रांतीला नेसते. आत्याला सांगितलं होतं मी तसं."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तू समजूत छान काढतेस गं."

दारात आली तेव्हा तिने मला वाकून नमस्कार केला नाही. एरवी करायची.

ताईंना मी शेवटचं पाहिलं ते निगडीच्या बसस्थानकावर, गेल्या हिवाळ्यात. त्या आणि वहिनी काळेवाडीच्या बससाठी उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर. वहिनींचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ताई खूप वाळल्या होत्या. गजरा नव्हता. वहिनींनी त्यांचा दंड धरलेला, आणि त्या पदराचं टोक बोटांत घेऊन चाचपत होत्या.

"वहिनी, आज ही कोणती नेसलेय मी?"

"गुलाबी," वहिनी म्हणाल्या, बसची पाटी बघत.

ताईंनी मान हलवली. मग सवयीने तोंड बाजूला वळवलं, दुसऱ्या कुणाला तरी विचारायला वळवायच्या तसं. चेहरा नेमका माझ्याकडे आला. मी श्वास धरून ठेवला. त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी पडली.

"दोनशे बारा?"

मी बोललो नाही. बस आली. वहिनींनी त्यांना आधी चढवलं, मग स्वतः चढल्या.

साडी चॉकलेटी होती.